अकरावं रीळ

तो वायरमन नव्हता, हे कळायला मला वीस मिनिटं लागली.

माझी बाजू एवढीच, की त्या दिवशी वायरमन येणार होता. तपासणीच्या खोलीतली ट्यूब आठवडाभर मिचमिचत होती. मी चित्रपटांच्या संग्रहालयात काम करते. जुन्या फिल्मा हातमोजे घालून, भिंगाखाली इंच-इंच पुढे सरकवायच्या, फाटलं असेल तिथे जोडायचं आणि डब्यात काय आहे ते नोंदवहीत लिहायचं. तसल्या उजेडात हे करून माझं डोकं उठलं होतं. आणि बरोबर दहा वाजता दारात एक उंच माणूस. केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी.

"आत येऊ?"

"या! किती वाट पाहायला लावायची माणसाला?"

तो दचकला. मग हसला. "लावली का मी?"

"आठ दिवस. ती बघा शिडी."

त्याने शिडीकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मुकाट्याने बूट काढले आणि चढला. ट्यूब फिरवली, काढली, रुमालाने पुसली, परत बसवली. मी खालून शिडी धरून सूचना देत होते.

"इथे सिरक्याचा कारखाना आहे का हो?" वरून आवाज आला.

"जुन्या फिल्मचा वास आहे तो. वय झालं की येतो."

"आणि दिवसभर इथे बसणाऱ्यांना?"

"ते शिडी सोडून देतात."

तो इतक्या मोकळेपणी हसला की शिडी हलली. ट्यूब लागली, आणि त्याच क्षणी हातात पकड घेतलेला खरा वायरमन दारात येऊन उभा राहिला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"मग तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी विनोदी सिनेमे काढतो," तो शिडीवरूनच म्हणाला. "आज जरा ट्यूब काढली."

त्याचे तीन सिनेमे आले होते. दोन मी पाहिले होते, त्यातला एक दोनदा. अर्थात हे मी त्याला सांगितलं नाही. अख्ख्या संग्रहालयाने त्याचं नाव वायरमन ठेवलं, आणि माझ्या मनातही तेच राहिलं.

वायरमनचे आजोबा युद्धकाळातले मोठे दिग्दर्शक. त्यांनी हेरपट काढले, एकाहून एक. काळोखे जिने, लांब कोट, अर्ध्यात तुटणारे टेलिफोन. त्यातला सगळ्यांत गाजलेला 'चार पाहुणे'. आमच्याकडे त्याची दहा रिळं होती. अकरावं, म्हणजे शेवटचं, कुठेच नव्हतं.

"पण शेवट काय होता हे कुणीतरी लिहिलं असेल ना? वर्तमानपत्रात?"

"तीच तर गंमत आहे," तो म्हणाला. "आजोबांनी जाहिरातीत छापलं होतं, शत्रूचे कान सगळीकडे आहेत, शेवट कुणालाही सांगू नका. आणि लोकांनी खरंच सांगितला नाही! युद्धाचे दिवस होते. शब्द दिला म्हणजे दिला."

"घरी कुणालाच माहीत नाही?"

"आत्याला माहितेय. सहा वर्षांची असताना तिने तो आठ वेळा पाहिलाय. पण तीही सांगत नाही. बाबांना शब्द दिलाय, म्हणते. वय वर्षं शहाऐंशी... अजून तोंडातून अक्षर काढलं नाही."

मला ती आत्या न बघताच आवडली.

त्याच्यापुढे पेच होता. एका निर्मात्याने त्याला 'चार पाहुणे' नव्याने करायला दिला होता. महिन्याअखेरीला मूळ शेवट हाती आला नाही, तर निर्माता स्वतःच्या मनाने लिहून घेणार होता. त्यात एक हेलिकॉप्टर होतं म्हणे. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी त्याने दुसऱ्या दिवशी, चहाचा कप हातात फिरवत सांगितली.

"घरात सगळे म्हणतात, आजोबांनी लोकांच्या अंगावर काटा आणला आणि नातू लोकांना गुदगुल्या करतो. मी घाबरवायला बसतो ना, तरी लोक हसतात. तीन वेळा झालंय. एकदा शेवटचं रीळ बघायचंय मला. भीती कशी पूर्ण करतात ते त्यातून कळेल... नाहीतर हे तरी कळेल की मी त्या घरातला नाहीच."

"हसवणं एवढं वाईट आहे का?"

"वाईट नाही हो. पण घरात मी एकटाच आहे."

हे तो हसतच बोलला, म्हणून मला जास्त लागलं.

तपासणीच्या टेबलाशी आम्ही शेजारी-शेजारी बसून दहाही रिळं पाहिली. छोट्या काचेवर चित्र उमटतं, दोघांनी बघायचं तर डोकी जवळ न्यावीच लागतात. हा टेबलाचा दोष, माझा नाही. पूल तुटलेला, दाट धुकं, डोंगरातली एक खानावळ आणि तिथे अडकलेले चार पाहुणे. डॉक्टर, पियानो जुळवणारा, काळ्या कपड्यांतली एक विधवा आणि पोस्टाची तिकिटं जमवणारा मिशीवाला. चौघांपैकी एक शत्रूचा हेर. कोण टेलिफोनची तार कापतंय? खिडकीतून बॅटरीचे इशारे कोण करतंय? डॉक्टरच्या पेटीत पिस्तूल का?

"विधवा," मी म्हणाले. "पाचव्या रिळात ती रडते, पण रुमाल कोरडा आहे."

"तुम्ही रुमाल कोरडा आहे हे पाहिलंत?"

"माझं कामच आहे ते."

"माझा संशय पियानोवाल्यावर. आठ दिवस झाले, अजून एक पियानो जुळत नाही म्हणजे काय?"

"तुम्हाला परवानगी किती दिवसांची होती हो?"

"तीन."

"आज सहावा आहे."

"मला तिसरं रीळ पुन्हा बघायचंय," तो गंभीरपणे म्हणाला. "महत्त्वाचं आहे ते."

तिसऱ्या रिळात नुसती आगगाडी होती. दहा मिनिटं धूर आणि रूळ. मी काही न बोलता डबा काढला, फिल्म चढवली, आणि आम्ही दोघांनी अत्यंत लक्षपूर्वक आगगाडी पाहिली. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. मी माझं हलवलं नाही... त्यानेही नाही.

त्या दिवशी निघताना तो सहज म्हणाला, "बाबाही आले होते इथे. चारेक वर्षं झाली. कुणीतरी सांगितलं, नाहीये. मग दोन वर्षांपूर्वी ते गेलेच."

टोपी हातात धरून उभे असलेले एक गृहस्थ मला आठवले. तेव्हा मी नोकरीत नवीन होते. त्यांनी चित्रपटाचं नाव सांगितलं, मी नोंदवही उघडली, दहा रिळं दिसली, मी म्हणाले, "शेवटचं नाहीये हो आमच्याकडे." ते म्हणाले, "बरं. सापडलं तर कळवा हं." आणि नंबर देऊन गेले. ते 'कुणीतरी' मीच होते. पण नाही ते नाही, त्यात माझी काय चूक, असं मी स्वतःला समजावलं.

ती समजूत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली.

दहावं रीळ मी एकटी पाहत होते. खानावळीच्या दिवाणखान्यात एक घड्याळ आहे, त्याला एकच काटा. ते घड्याळ मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. या सिनेमात नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी डब्यात... मी टेबल तसंच सोडून उठले. विनोदी चित्रपटांचं कपाट खाली तळघरात आहे. शेवटच्या फळीवर, मागच्या रांगेत तो डबा सापडला. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती. 'अनामिक विनोदी लघुपट. आवाज नाही.'

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी तो नोंदवला होता. शेवटच्या रिळावर नाव नसतं, आणि या रिळाची आवाजाची पट्टी पार गेलेली. चित्रात चार माणसं खदाखदा हसताना दिसली, एकाची खोटी मिशी निघून आली, आणि मी डोळे झाकून लिहिलं, विनोदी. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे ताडून बघायचे असतात. मी बघितले नव्हते. आता बघितले, आणि ते दहाव्या रिळाच्या पुढचे होते.

म्हणजे ते गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते, तेव्हा रीळ त्यांच्यापासून दोनच मजले खाली होतं.

मी दोन दिवस गप्प राहिले. हे लिहायला लाज वाटते, पण राहिले. वायरमन रोज येत होता, चौथं रीळ मागत होता, माझ्या भिंगातून माझाच डोळा बघत होता आणि "आता तुमच्यावरही संशय आहे" म्हणत होता. सांगितलं तर तो उठून जाईल. नाही सांगितलं तर हेलिकॉप्टर येईल, आणि तो आयुष्यभर स्वतःला त्या घरातला समजणार नाही. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी टेबलावर डबा ठेवून उभी होते.

"हे अकरावं."

त्याचा चेहरा असा उजळला की पुढचं बोलणं मला आणखी जड गेलं.

"थांबा. आधी ऐका. हे पाच वर्षांपासून इथेच आहे. मी चुकीच्या कपाटात ठेवलं होतं. आणि तुमचे बाबा आले, तेव्हा नाही म्हणणारीही मीच."

तो हळूच खुर्चीवर बसला. "काय म्हणाले होते ते? जसंच्या तसं सांगा."

"बरं. सापडलं तर कळवा हं."

"तेवढंच?"

"हो... हसले होते."

त्याने डब्याला हातही लावला नाही. पिशवी उचलली आणि दाराबाहेर गेला. जिन्यावरची त्याची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.

मी आमच्या मुख्य मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी नोंदवहीत दुरुस्ती करायला लावली, चूक कुणाची ते माझ्याच हाताने लिहायला लावलं, आणि वर म्हणाल्या, "आता रडायचं असेल तर फिल्मपासून लांब बसून रड." मी लांब बसून रडले. चार दिवस तो आला नाही. ट्यूब मात्र स्वच्छ जळत होती, आणि तिचाच मला राग येत होता.

पाचव्या दिवशी सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. एका हातात काठी, दुसरा हात वायरमनच्या दंडावर. दर तीन पायऱ्यांनी थांबून ती बाई जिना कुणी बांधला याची चौकशी करत होती.

"ही का ती?" दारात येऊन आत्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बारीक आहे. मला वाटलं होतं, एवढी मोठी चूक करणारी अंगाने तरी मोठी असेल."

"आत्या!"

"गप रे. चल मुली, लाव ते रीळ. आणि मला पुढे बसव."

वायरमन माझ्याकडे बघत नव्हता. "आवाज नाहीये त्याला," एवढंच तो आत्यांना म्हणाला.

"आवाज मी आहे," आत्या म्हणाल्या.

छोट्या दालनात आम्ही तिघंच. दिवे गेले, पडद्यावर खानावळ आली, तो एका काट्याच्या घड्याळाचा दिवाणखाना आला, आणि अंधारातून ऐंशी वर्षांपूर्वीचे संवाद ऐकू यायला लागले. आत्यांना शब्द न् शब्द पाठ होता. डॉक्टरचा आवाज जाडा, विधवेचा नाकातून.

"हलू नका. खेळ संपलाय," आत्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाल्या. पडद्यावर डॉक्टरने पिस्तूल काढलं. मग पियानोवाल्याने काढलं. मग मिशीवाल्याने. मग विधवेने, पर्समधून. चौघंही एकमेकांवर नेम धरून उभे. माझ्या तळहाताला घाम आला होता, आणि शेवट मी आधी पाहिलेला होता!

"मी सरकारचा माणूस आहे!" आत्या जाड्या आवाजात ओरडल्या. डॉक्टरने डाव्या हाताने ओळखपत्र काढलं. "मीसुद्धा," पियानोवाला. "अहो, मीपण," मिशीवाला, आणि घाईत त्याची मिशी ओळखपत्राला चिकटून निघाली. चार ओळखपत्रं, एकच कचेरी, खाली एकाच साहेबाची सही. हेर कुणीच नव्हता. दहा रिळं त्या चौघांनी एकमेकांच्या तारा कापल्या होत्या, एकमेकांच्या इशाऱ्यांवर पाळत ठेवली होती. साहेब इतका गुप्त होता की त्याने कुणाचं कुणाला सांगितलंच नव्हतं.

आधी विधवा हसली. मग चौघं हसत सुटले, पिस्तुलं टेबलावर ठेवून खुर्च्यांवर कोसळले. पाठोपाठ माझ्या शेजारी एक हसू फुटलं. वायरमन पोट धरून हसत होता, आणि हसता हसता त्याचा आवाज मध्येच चिरकला.

दिवे लागल्यावर आत्यांनी चष्मा पुसला. "लोक तेव्हा शेजाऱ्यालाही हेर समजायचे रे. खिडक्या लावून बसायचे. बाबा म्हणायचे, माझ्या सिनेमातून बाहेर पडताना माणसांनी शेजारच्याकडे बघून हसलं पाहिजे. आणि हसायची सगळी. आठही वेळा मी मागे वळून बघितलंय."

"म्हणजे आजोबा..."

"घाबरवायचे ते हसवण्यासाठी. तुला वाटलं, तुझं हे खूळ आभाळातून पडलं?"

तो अगदी हळू म्हणाला, "बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं."

मी मान खाली घातली. आत्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"बघायला नाही मिळालं. पण माहीत होतं त्याला. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले आणि कानात सगळं सांगितलं. मिशीसकट. आयुष्यात एकदा शब्द मोडला मी, धाकट्या भावासाठी."

वायरमन त्यांच्याकडे वळला. "त्या दिवशी... मी दाराच्या काचेतून पाहिलं होतं. बाबा हसत होते. नर्स धावत आली होती. मला वाटलं, औषधाने भ्रम झालाय. दोन वर्षं मी विचार करतोय, ते का हसत होते..."

"आता कळलं ना? मग रडू नकोस, मला जिना उतरायचाय."

मी मात्र रडत होते. फिल्मपासून लांब, एवढं भान ठेवून.

खाली टॅक्सी उभी होती. आत्यांना मागच्या सीटवर बसवलं, काठी आत दिली. मग आम्ही दोघं फुटपाथवर समोरासमोर उभे राहिलो. नुकतीच सर येऊन गेली होती, झाडावरून थेंब पडत होते.

"चार दिवस रागावून पाहिलं," तो म्हणाला.

"मग?"

"पहिल्या दिवशी छान जमलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, यांनी सांगितलंच नसतं तर मला कधी कळलंच नसतं. तिसऱ्या दिवशी आगगाडी आठवायला लागली."

"सिनेमाचं काय?"

"शेवट आजोबांचाच ठेवणार. निर्माता रुसलाय. हेलिकॉप्टर ठरवून बसला होता बिचारा." तो थांबला. "आणि... म्हणजे मला असं म्हणायचं होतं..."

तीन सिनेमांचे संवाद लिहिलेला माणूस, पण पुढचं वाक्य काही त्याला सुचेना. त्याने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. मी मघापासून हातमोजे काढायला विसरले होते, ते आता एकेक बोट करून काढत बसले.

टॅक्सीची काच खाली आली.

"सोन्या," आत्या म्हणाल्या, "गेले चार दिवस तू माझ्यापाशी हिचंच तुणतुणं वाजवतोयस. एक गुपित मी ऐंशी वर्षं पोटात ठेवलं. आता दुसरं ठेवायला वय नाही राहिलं माझं. तू सांगतोस, का मी सांगू?"

ड्रायव्हरनेही मान वळवली.

वायरमन कानापर्यंत लाल झाला. "आवडतेस तू मला," तो म्हणाला. "खूप."

"मलाही तू," मी म्हणाले. आणि आत्या टॅक्सीत एवढ्या मोठ्याने हसल्या की रस्त्यावरची दोन अनोळखी माणसं थांबली, एकमेकांकडे बघून हसली आणि आपापल्या वाटेने गेली.